गुस्टाफ रेट्झियस

वाऱ्यानें हेलकावणाऱ्या फांदीवर बसलेला सरडा आपण पुष्कळदां पाहतों. फांदी खालींवर होते, सरड्याचें अंगहि तिच्याबरोबर कलतें. परंतु त्याचें डोकें बहुधा पातळींत राहतें आणि डोळे एकाच ठिकाणीं खिळलेले असतात. काळोखांतहि वर कोणतें व खालीं कोणतें याचा त्याला विसर पडत नाहीं. हें ज्ञान त्याला ज्या इंद्रियाच्या द्वारें होतें तें त्याच्या कवटीच्या हाडांत, कानाच्या अगदीं आंतल्या भागांत दडलेलें असतें. लहान सरड्यांत तें कांहीं मिलिमीटरांहून मोठें नसतें. बाहेरून त्याची खूण दिसत नाहीं, आणि तें बिघडल्यावांचून त्याची आठवणहि कोणाला होत नाहीं.

या इंद्रियाचा प्रत्येक बांक, प्रत्येक पिशवी व प्रत्येक तंतु माशापासून मनुष्यापर्यंत क्रमानें उकलून दाखविण्याचें प्रचंड काम ज्या एका माणसानें केलें, त्याचें नांव मॅग्नस गुस्टाफ रेट्झियस. स्वीडन देशांतील या शरीरशास्त्रज्ञाचें नांव त्याच्या हयातींत युरोपांतील प्रत्येक वैद्यकीय विद्यालयांत ठाऊक होतें. त्याच्या चरित्रांत अभिमानानें वाचण्याजोगीं पानें पुष्कळ आहेत. परंतु कांहीं पानें अशींहि आहेत कीं तीं वाचतांना मान खालीं घालावी लागते. चरित्र सांगावयाचें तर दोन्ही सांगितलीं पाहिजेत.

गुस्टाफचा जन्म 17 ऑक्टोबर 1842 रोजीं स्टॉकहोम शहरीं झाला. त्याच्या घराण्यांत विद्या पिढीजाद होती. आजा आंद्रेस याहान रेट्झियस हा लुंड येथील नामांकित निसर्गशास्त्रज्ञ, व बाप आंद्रेस रेट्झियस हा स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंत शरीररचनेचा अध्यापक. डोक्याची रुंदी व लांबी मोजून त्यांचें प्रमाण काढावयाचें, व त्यावरून मनुष्यांचे लांब डोक्याचे व आंखूड डोक्याचे असे वर्ग पाडावयाचे, ही पद्धति याच बापानें काढली. तिचें बीज मुलाच्या हातीं कसें वाढलें तें पुढें येईलच. 1860 सालीं बाप वारला तेव्हां गुस्टाफ सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षीं तो उप्साला येथील विद्यापीठांत दाखल झाला. 1866 मध्यें त्यानें वैद्यकीची परीक्षा दिली आणि 1871 मध्यें लुंड येथें डॉक्टरची पदवी मिळविली. रोगी तपासण्याकडे मात्र त्याचें मन कधीं रमलें नाहीं. त्याचें सारें सुख सूक्ष्मदर्शक यंत्राच्या भिंगाखालीं होतें.

आक्सेल केय या स्नेह्याबरोबर त्यानें मेंदू व पाठीचा कणा यांच्याभोंवतालच्या आवरणांचा अभ्यास केला. आवरणांमधील पोकळ्यांत रंगीत द्रव सोडून तो कोठून कोठें जातो हें या दोघांनीं पाहिलें, व 1875 आणि 1876 या दोन वर्षांत त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. 1876 सालींच त्याचा विवाह आना हिएर्टा हिच्याशीं झाला. तिचा बाप लार्स युहान हिएर्टा यानें 1830 मध्यें आफ्टोनब्लाडेट हें वृत्तपत्र काढून पुष्कळ संपत्ति मिळविली होती. आना ही स्वतः कर्तबगार स्त्री होती. गरीब मुलांना हातकाम शिकविणाऱ्या शाळा तिनें 1887 पासून काढल्या. सासऱ्याच्या पैशामुळें रेट्झियसला पोटाची चिंता उरली नाहीं. पुष्कळांच्या घरीं असा पैसा येतो आणि विद्या जाते. येथें तसें झालें नाहीं. त्यानें तो पैसा मोठमोठे चित्रपट छापण्यांत खर्चिला. 1877 मध्यें कॅरोलिन्स्का संस्थेनें त्याच्यासाठीं पेशीजालशास्त्राची अध्यापकाची जागा निर्माण केली.

आतां त्याच्या मुख्य कामाकडे वळूं. अंतःकर्णास शरीरशास्त्रांत चक्रव्यूह म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. कवटीच्या अत्यंत कठीण हाडांत वळणावळणाची पोकळी असते. त्या पोकळींत पातळ पाण्यासारखा द्रव असतो. त्या द्रवांत भिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या नाजुक त्वचेच्या नळ्या व पिशव्या असतात. आणि त्यांच्याहि आंत पुन्हां निराळा द्रव असतो. हाड फोडावें तर त्वचा फाटते, आणि त्वचा हवेंत उघडी टाकावी तर ती सुकून आक्रसते. रेट्झियस ताज्या मेलेल्या प्राण्याचें इंद्रिय ऑस्मिक आम्लांत ठेवी. त्यायोगें तें ताठ व काळसर होई. मग सुईच्या टोंकानें हाडाचे कण एकेक करून काढून टाकी. हें काम त्यानें एका दोन प्राण्यांवर केलें असतें तरी तें पुष्कळ झालें असतें. पण 1872 मध्यें कांटेरी हाडांच्या माशांपासून त्यानें जो आरंभ केला, तो शार्क, बेडूक, कासव, सरडा, साप, सुसर, पक्षी, ससा व मनुष्य येथपर्यंत नेला. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या श्रवणेंद्रियावरील त्याच्या महाग्रंथाचा पहिला खंड 1881 सालीं निघाला. त्यांत मासे व बेडकांचा वर्ग आहे. दुसरा खंड 1884 सालचा. त्यांत सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन प्राणी आहेत. चित्रें त्यानें स्वतःच्या हातानें काढलीं.

ग्रंथाच्या नांवांत श्रवण हा शब्द आहे, परंतु आंत जें काढलें आहे त्यापैकीं पुष्कळसा भाग ऐकण्याचा नाहींच. तो तोल संभाळण्याचा आहे. ही गोष्ट त्या काळीं नुकतीच स्पष्ट होऊं लागली होती. 1820 नंतरच्या दशकांत फ्लूराँ नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें कबूतराच्या कानांतील अर्धवर्तुळाकार नळ्या कापून पाहिल्या. कबूतराला ऐकूं येत होतें, पण त्याचें डोकें एकसारखें डोलूं लागलें व त्यास नीट चालतां येईना. त्याचा खरा अर्थ लागण्यास पुढें पन्नास वर्षें लोटलीं. 1873 ते 1875 या काळांत ब्रॉयर, माख व क्रम ब्राउन हे तिघे, एक दुसऱ्यावर अवलंबून न राहतां, एकाच निर्णयास आले: या नळ्या डोक्याचें फिरणें ओळखतात. म्हणजे तिकडे कार्य उलगडत होतें, त्याच वेळीं इकडे रेट्झियस रचना उलगडीत होता.

ही रचना विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्यासारखी आहे. खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन अशीं तीन पातळ्या एकमेकींस काटकोनांत मिळतात. कानांतील तीन नळ्या साधारणपणें अशाच तीन पातळ्यांत असतात, म्हणून डोकें कोणत्याहि दिशेनें वळलें तरी एखादीस तरी तें कळतेंच. पाण्यानें भरलेली परात एकदम फिरविली तर परात फिरते, पाणी मात्र क्षणभर मागें राहतें. त्यांत गवताची काडी टाकली तर हें डोळ्यांनीं दिसतें. नळींतील द्रवाचें तसेंच होतें. प्रत्येक नळीच्या एका टोंकास फुगवटा असतो. त्यांत केसाळ पेशींची एक कड असून तिच्यावर पारदर्शक चिकट पदार्थाचा पडदा उभा असतो. द्रव मागें राहिला कीं पडदा लवतो, केस वांकतात, आणि ज्ञानतंतूंतून मेंदूकडे वर्दी जाते. मेंदू लागलीच डोळे व मान उलट दिशेस वळवितो. फांदीवरच्या सरड्याचें डोकें स्थिर राहतें तें यामुळें. हा पडदा मृत इंद्रिय औषधांत ठेवल्यावर आक्रसतो, म्हणून त्या काळच्या चित्रांत तो वास्तविकापेक्षां ठेंगणा दिसतो. तो फुगवट्याच्या छतापर्यंत पोंचतो हें 1930 च्या सुमारास स्टाइनहाउझेन यानें जिवंत माशांत पाहिलें.

नळ्या फिरणें ओळखतात, पण डोकें स्थिर असतां तें कोणीकडे कललें आहे हें त्यांस कळत नाहीं. तें काम खालच्या पिशव्यांचें. त्यांच्या भिंतीवर केसाळ पेशींचे ठिपके असतात व त्या केसांवर चुन्याच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. स्फटिक जड असल्यामुळें डोकें कललें कीं ते एका बाजूस ओढले जातात व केसांस वांकवितात. पुष्कळ सरड्यांत यांपैकीं एक पिशवी बरीच मोठी असते आणि तिच्यांतील चुन्याची पांढरी गोळी पातळ त्वचेंतून आरपार दिसते. सापाला बाहेरचा कान नाहीं व कानाचा पडदाहि नाहीं. म्हणून तो बहिरा असा समज फार जुना आहे. पण त्याच्याहि कवटींत तीन नळ्या व पिशव्या जेथल्या तेथें असतात. बाहेरचें दार नसलेल्या घरांतहि ओळंबा टांगलेला असावा, तसें हें आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांचीं चित्रें पाहतां पाहतां आणखी एक गोष्ट नजरेस येते. तोल संभाळणारा भाग कासवांत, सरड्यांत व सापांत ओळखीचा राहतो. ऐकण्याचा भाग मात्र जातीजातींत बदलतो. कासवांत तो आंखूड आहे, सुसरीच्या जातींत तो लांब होऊन वांकला आहे. अमेरिकेंतील अलिगेटर नांवाच्या सुसरीचें चित्र पक्ष्याच्या चित्राशेजारीं ठेवावें, म्हणजे सुसर ही पालीपेक्षां पक्ष्याला जवळची कां मानतात हें न सांगतां समजतें. सरड्यांच्या व पक्ष्यांच्या अंतःकर्णांत एक चिमुकला ठिपका असतो. त्यास लॅटिन भाषेंत उपेक्षित अशा अर्थाचें नांव आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत तो लोपला आहे. रेट्झियसच्या चित्रांत मात्र त्याची उपेक्षा झालेली नाहीं. मनुष्याच्या कानांतील ऐकण्याच्या पेशीहि त्यानें मोजल्या: आंतल्या ओळींत सुमारें 3,500 व बाहेरच्या ओळींत सुमारें 12,000. हे आंकडे त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ ग्रंथांतून वापरले गेले आहेत.

दोन खंडांची त्यानें जी विभागणी केली, तिला पुढें एक नवा अर्थ आला. 1956 मध्यें कॅरोलिन्स्का संस्थेंतच यान व्हेरसेल यानें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तोल संभाळणाऱ्या केसाळ पेशींचे दोन प्रकार दाखविले. एक सरळ नळकांड्यासारखा. दुसरा सुरईसारखा, आणि त्याला ज्ञानतंतूचें टोंक फुलाच्या पेल्याप्रमाणें सर्व बाजूंनीं कवटाळून असतें. हा पेल्याचा प्रकार सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन प्राणी यांच्यांत आढळतो. मासे व बेडूक यांच्यांत तो साधारणपणें नसतो. रेट्झियसचा पहिला खंड जेथें संपतो व दुसरा सुरू होतो तेथेंच ही रेघ पडते. पाण्यांतून कायमचा जमिनीवर आलेला जीव मान उंचावून चालूं लागला, तेव्हां त्याला अधिक चलाख वर्दीची गरज पडली असावी, असा तर्क शास्त्रज्ञ करितात.

1884 मध्येंच त्यानें आफ्टोनब्लाडेट पत्राचें संपादकत्व पत्करिलें व तें 1887 पर्यंत केलें. 1889 मध्यें तो शरीररचनेचा मुख्य अध्यापक झाला, आणि एका वर्षांत ती जागा सोडून घरच्या प्रयोगशाळेंत बसला. याच 1889 सालीं बर्लिन येथें काहाल नांवाच्या फारशा कोणास ठाऊक नसलेल्या स्पॅनिश डॉक्टरानें ज्ञानतंतूंचे आपले नमुने मोठमोठ्या पंडितांपुढें मांडले. ज्यांनीं सूक्ष्मदर्शकास डोळा लावून त्याची थोरवी ओळखली त्यांत रेट्झियस होता. मत्सर न करतां त्यानें तीच रीत उचलली, आणि 1892 च्या सुमारास दाखवून दिलें कीं कानांतील केसाळ पेशी ही स्वतः ज्ञानतंतूची पेशी नव्हे. ज्ञानतंतु तिच्याजवळ येऊन तिच्याभोंवतीं संपतो. ही मोठ्या मनाची गोष्ट होती.

येथपर्यंत सांगितलेला माणूस जें दिसलें तेंच काढणारा आहे. आतां दुसरीं पानें उलटलीं पाहिजेत.

बापाचीं मापें मुलानें टाकलीं नव्हतीं. 1873 च्या उन्हाळ्यांत, म्हणजे माशांच्या कानांवरील पहिलें पुस्तक निघाल्यानंतर एका वर्षानें, तो दोन सहकाऱ्यांसह फिनलंडांत गेला. फिन लोक कोणत्या वंशाचे हें त्यास ठरवावयाचें होतें. पाल्काने वगैरे गांवांच्या जुन्या चर्चच्या आवारांतील थडगीं उकरून त्यांनीं कवट्या काढल्या व स्टॉकहोमला नेल्या. मृतांच्या वंशजांची संमति कोणी घेतली नाहीं. 1878 मध्यें फिन कवट्यांवर त्याचा सुंदर छापलेला ग्रंथ निघाला. त्यानंतर स्वीडनमधील प्राचीन कवट्यांवर ग्रंथ झाला. मोठ्या माणसांच्या मेंदूच्या वळ्यांत बुद्धीची खूण सांपडते काय, हेंहि त्यानें शोधिलें. गणितज्ञ सोफिया कोव्हालेव्हस्काया हिच्या मेंदूचें वर्णन त्यानें 1900 मध्यें प्रसिद्ध केलें. फ्युर्स्ट याच्या सहकार्यानें त्यानें सुमारें 45,000 तरुण सैनिकांचीं मापें घेवविलीं व 1902 मध्यें तीं छापलीं.

मापें घेतांना त्यानें कसूर केली असेल असें मला वाटत नाहीं. दोष मोजण्यांत नव्हता; मोजण्याआधींच मनांत ठरलेल्या प्रश्नांत होता. सरड्याच्या कानाकडे पाहतांना हा प्राणी उच्च कीं नीच असा निवाडा करण्याची घाई त्यानें केली नाहीं, म्हणून त्याला खरें दिसलें. मनुष्याच्या कवटीपुढें बसतांना मात्र वंशाची उतरंड त्याच्या मनांत अगोदरच रचलेली होती. 1908 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटींत त्यानें ज्ञानतंतूंच्या सूक्ष्म रचनेवर व्याख्यान दिलें. 1909 सालीं त्याच शहरीं हक्स्लेच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानांत तो उत्तर युरोपच्या गोऱ्या वंशाच्या भवितव्याविषयीं बोलला. पहिल्या व्याख्यानांतील विषय आजच्या शास्त्राचा पाया आहे. दुसऱ्यांतील विचारांना स्वीडनमध्यें पुढें सरकारी आश्रय मिळाला. 1922 मध्यें उप्साला येथें वंशशास्त्राची राजमान्य संस्था निघाली. ती पाहण्यास तो हयात नव्हता.

डोकीं मोजण्याची ही रीत आपल्या देशांतहि आली. 1901 च्या खानेसुमारीचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले यानें डोक्याच्या व विशेषतः नाकाच्या मापांवरून जातींची उच्चनीचता वंशावर बसविली. तिचें उत्तर मुंबईंतूनच मिळालें. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं 1932 च्या आपल्या ग्रंथांत या मापांची कसून तपासणी केली, आणि डॉक्टर भीमराव आंबेडकर यांनीं 1948 मध्यें अस्पृश्यांविषयींच्या ग्रंथांत तेच आंकडे पुढें ठेवून ब्राह्मण व अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे नाहींत असें दाखविलें. ज्या मापपट्टीनें मनुष्यांत भिंत घातली तिच्याच आंकड्यांनीं ती पाडली, हा योग विलक्षण खरा.

सन्मान रेट्झियसला अनेक मिळाले. 1901 मध्यें तो स्वीडिश अकादमीच्या अठरा सभासदांपैकीं एक झाला; 1913 मध्यें याच अकादमीनें रवींद्रनाथ ठाकुरांना नोबेल पारितोषिक दिलें, तेव्हां तो सभासद होता. त्याला स्वतःला मात्र वैद्यकाचें नोबेल पारितोषिक अनेक वेळां नांव सुचविलें जाऊनहि मिळालें नाहीं. उतारवयांतहि त्याचें चित्र काढणें सुटलें नाहीं. प्राण्यांच्या रेतपेशींचीं शेंकडों चित्रें त्यानें या काळांत काढलीं. 21 जुलै 1919 रोजीं स्टॉकहोम येथें त्याचा अंत झाला. आना त्याच्यामागें पांच वर्षें जगली.

सरड्यांच्या व सापांच्या अंतःकर्णावर काम करणाऱ्यांस 1884 चा खंड आजहि उघडावा लागतो, आणि त्यांतील चित्रें नव्या लेखांतून पुन्हां पुन्हां छापलीं जातात. फिनलंडांतून नेलेल्या कवट्या दीडशें वर्षें स्टॉकहोममध्यें कपाटांत राहिल्या. 2024 सालीं कॅरोलिन्स्का संस्थेनें त्या परत पाठविल्या, व पाल्काने येथें गांवकऱ्यांच्या समक्ष त्या पुन्हां मातींत पुरण्यांत आल्या.